गळ्यातली शिदोरी

पक्षी कुठलाही असो, माझा हात आधी त्याच्या गळ्याकडे जातो. हे मी मोठ्या कौतुकानं सांगते आणि ऐकणारे दचकतात. चंडीगडच्या आमच्या मराठी मंडळात हळदीकुंकवाला एकदा नव्यानं बदली होऊन आलेल्या कॅप्टनच्या बायकोनं विचारलं, "ताई, तुम्ही नोकरीत नेमकं काय करता?" मी सरळ सांगितलं, "गळे चाचपते." बिचारी वाणाची वाटी घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली.

तेव्हा आधी गळ्याचंच सांगते, म्हणजे तुम्ही तरी उठून जाणार नाही. पक्ष्याला दात नसतात. दाणा चावायची सोय नाही, आणि सापडला तिथे निवांत बसून जेवायचीही सोय नाही, कारण वर घार आणि खाली मांजर. म्हणून निसर्गानं त्याच्या अन्ननलिकेलाच, छातीच्या जरा वर, एक पिशवी काढून दिली आहे. मिळेल ते भराभर गिळायचं, पिशवीत कोंबायचं आणि सुरक्षित जागी जाऊन हळूहळू पोटात सोडायचं. आमच्या पुस्तकांत तिला अन्नपुट म्हणतात. पंजाबातले कबुतरं पाळणारे पोटा म्हणतात. मी मनातल्या मनात शिदोरी म्हणते. या पिशवीत पचन असं फारसं होत नाही; दाणा भिजतो, मऊ होतो, इतकंच. खरं काम पुढे पेषणीत होतं. ते स्नायूंचं जातं, आणि गिळलेले खडे तिथे दाण्याचं पीठ करतात. वस्तू पिशवीत असेपर्यंत जशीच्या तशी परत मिळते, जात्यात गेली की संपली. माझ्या नोकरीतली निम्मी मजा या एका वाक्यात आहे.

चंडीमंदिरच्या छावणीत नागपूरकडच्या एक मेजरीणबाई होत्या. संक्रांतीच्या आदल्या दिवशी अंगणात उन्हात बसून त्या नथीचे मोती नव्यानं ओवत होत्या. टेलिफोन वाजला म्हणून आत गेल्या, आणि परत येतात तो ताटली रिकामी आणि शेजारी त्यांची राणी नावाची कोंबडी चोच पुसत उभी. जीपमधून कोंबडी माझ्याकडे आली. मागोमाग बाई.

"कापून टाका हो तिला! माझ्या आजेसासूबाईंचे मोती आहेत ते."

"मम्मी, नहीं! राणी को मत काटो!" त्यांची मुलगी. या मुलांना मराठी सगळं कळतं, रडतात मात्र हिंदीत.

मी गळ्याला हात लावला. मक्याच्या दाण्यांत मोती बोटांना लागत होते. मला आनंदानं टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. पिसं काढली, सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, वरची कातडी आणि खालची पिशवी बोटभर उघडली, मोती बाहेर, दोन थरांत टाके, आणि राणी तासाभरात टेबलावरच्या माझ्या डब्याकडे बघायला लागली. एक मोती मात्र तोवर जात्यात गेला होता. बाईंनी पुढची दोन वर्षं त्याचा हिशेब माझ्याकडे मागितला, पण संक्रांतीला तिळगूळही न चुकता पाठवला.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे आमच्या सेक्टरातल्या बीजी, एक पंजाबी आजीबाई. पुण्य म्हणून रोज सकाळी कबुतरांना मळलेल्या कणकेच्या गोळ्या घालायच्या. ओली कणीक त्या पिशवीत आंबते, फुगते, पक्ष्याच्या तोंडाला शिळ्या ताकासारखा वास येतो आणि तो मान टाकतो. मी हात जोडून सांगितलं, "बीजी, बाजरा डालिए, आटा मत डालिए." बीजी दुखावल्या. "पुत्तर, बाजरा ते सारे पांदे ने. मैं ते घ्यो ला के देनी आं." बाजरी काय सगळेच घालतात, मी तर तूप लावून देते म्हणाल्या!

अशा गमती पुष्कळ आहेत. पण या अंकाच्या संपादकांनी एकच आठवण मागितली असती तर मी यातली एकही दिली नसती. मी ती कबुतरी दिली असती. आजही तिच्याबद्दल बोलायला लागले की माझा आवाज चढतो, आणि आमचे हे शेजारच्या खोलीतून ओरडतात, "हळू! कबुतर अजून पोचलं नाही का?"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचे हे तिथल्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात होते. पंजाबातले ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको. चौकाचौकात नाके, मोठ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांपुढे वाळूच्या पोत्यांचे आडोसे, बसमध्ये बेवारस डबा किंवा ट्रान्झिस्टर दिसला तर हात लावू नका अशा सूचना. अंधार पडायच्या आत सेक्टर सतराच्या बाजारातून माणसं घाईनं घरी निघायची. तरुण सरदार मुलगा रस्त्यात उगाच थांबलेला दिसला की येणारे-जाणारे वळून बघत आणि पोलीस हटकत. आणि हटकलेला प्रत्येक जण घरी परत येई असंही नव्हतं.

फेब्रुवारीतली दुपार होती. इन्स्पेक्टर मोहिंदर सिंग एक हवालदार आणि तीन शिपाई घेऊन दवाखान्यात आले. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. पूर्वी पोलिसांच्या कुत्र्यांच्या लसीसाठी एकदोनदा आलेला. एका शिपायाच्या हातात सुतळीनं बांधलेलं बुटांचं खोकं होतं आणि तो ते अंगापासून लांब धरून चालत होता.

"मॅडम, इसको काटना है."

मी खोकं उघडलं. आत राखाडी, सडपातळ कबुतरी. पायात तारेचं कडं, पंखावर शाईचा शिक्का.

मोहिंदर सिंगांनी सांगितलं ते असं. सकाळी हे कबुतर एका बड्या साहेबांच्या बंगल्यापुढच्या वाळूच्या पोत्यांवर येऊन बसलं. पहाऱ्यावरच्या शिपायानं त्यावर टॉवेल टाकून पकडलं. शिक्का उर्दूत. गळा सुजलेला, आत काहीतरी भरलेलं. आणि थोड्याच वेळात बंगल्याच्या आसपास एक तरुण सरदार फिरताना सापडला. छपरांकडे बघत होता आणि शिट्ट्या मारत होता.

"नाम अमरीक. बुडैल गाँव का. कहता है कबूतर मेरा है, ढूँढ रहा था."

"मग असेल त्याचं," मी हिंदीत म्हणाले. "हरवलं कबुतर लोक असंच शोधतात. वर बघत आणि शिट्ट्या मारत."

"उस कोठी के सामने, मॅडम? इन दिनों में?"

हेही खरं होतं. कबुतरं पाळणारा माणूस पाखरू हरवलं की जमिनीवरचं काही बघत नाही. समोर वाळूची पोती आहेत, बंदूक आहे, हे त्याच्या गावीही नसतं. अमरीकनं आयुष्यातली सगळ्यात वाईट जागा शिट्टी मारायला निवडली होती.

"वरिष्ठांचं म्हणणं आहे की पाखरू सीमेपलीकडून आलंय. गळ्यात निरोप असेल, फिल्म असेल, बारूद असेल, काहीही असेल. कापून बघा आणि लिहून द्या. संध्याकाळी मुलाला पुढच्या चौकशीला पाठवायचंय." शेवटचं वाक्य त्यांनी आवाज उतरवून सांगितलं. पुढची चौकशी म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. तिथे कोणी विचारत नसे.

"आणखी काही म्हणाला तो?"

"एक ही बात. इसके बच्चे छोटे हैं, छोड़ दो इसको. पागल है. अपनी नहीं, कबूतर की पड़ी है."

माझा हात तोवर सवयीनं कबुतरीच्या गळ्याशी गेलाच होता. पिशवी गच्च भरलेली. पण दाणे नव्हते. दाणे बोटांखाली सरकतात. हे मऊ, जाड, दोन्ही बाजूंना सारखं भरलेलं काहीतरी होतं. आणि त्या मुलाचं ते वाक्य. माझ्या अंगावर सरसरून काटा आला! मी इतक्या जोरात "दुनीचंद!" म्हणून ओरडले की एका शिपायानं बंदूक सावरली.

दुनीचंद आमचा कंपाउंडर. माझ्या आरड्याओरड्याची त्याला सवय होती. त्यानं काही न विचारता सलाईन कोमट करून आणलं आणि पातळ रबरी नळी हातात दिली. चोच उघडून नळी हलकेच त्या पिशवीत उतरवली, थोडं कोमट पाणी सोडलं, परत ओढून घेतलं आणि जे आलं ते काचेच्या बशीत टाकलं. पांढरट पिवळे, दह्याच्या चोथ्यासारखे कण. तळाशी वाळूचे दोनचार खडे.

मोहिंदर सिंगांनी वाकून वास घेतला. "पनीर?"

"दूध."

"किसका?"

"कबूतर का."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दुनीचंदकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई बऱ्या आहेत ना, असं त्या नजरेत साफ दिसत होतं.

आता हे तुम्हालाही खोटं वाटेल म्हणून सांगते. कबुतराची पिलं अंड्यातून निघतात ती आंधळी, दुबळी, दाणा न पचणारी. त्यांच्यासाठी आईबाप आपल्या गळ्यातल्या त्या पिशवीतच दूध तयार करतात. आपल्यासारखं पान्ह्याचं नव्हे. पिशवीचं आतलं अस्तरच जाड होतं आणि त्याचे कण सुटून दह्यासारखं अन्न होतं. आईबाप दोघंही करतात, हो, बापसुद्धा! (हे मी मंडळाच्या महिलादिनाला सांगितलं तेव्हा सभागृहात जी काही हास्याची लाट उठली, ती संध्याकाळी घरोघरीच्या नवऱ्यांना भोवली.) हे निर्मळ दूध पिलं जन्मल्यावर पहिले थोडेच दिवस असतं. पुढे त्यात दाणे मिसळायला लागतात.

"म्हणजे काय झालं, इन्स्पेक्टरसाहेब, लक्षात आलं का? हिच्या घरट्यात आठवड्याच्या आतली पिलं आहेत. ती टाकून हिला लांब जाता येत नाही. ही सीमेपलीकडून आलेली नाही. ही शेजारून आली आहे! पिलं असलेल्या मादीला चुना आणि खडे लागतात, ते टिपायला ती तुमच्या वाळूच्या पोत्यांवर बसली."

"आणि उर्दू शिक्का?"

"स्पर्धेत कबुतरं उडवतात तेव्हा पंच पंखावर शिक्का मारतात. जुने लोक उर्दू शाळेत शिकलेले. ते दुसऱ्या कुठल्या लिपीत शिक्का करणार?"

मोहिंदर सिंगांनी पंख उलगडून शिक्का पुन्हा पाहिला. "मेरे पिताजी भी चिट्ठी उर्दू में ही लिखते थे," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले. "मॅडम, मुझे तो यक़ीन आ गया. पण वर काय सांगू? कबुतराला दूध आलं म्हणून माणूस सोडला? आणि मी सरदार आहे. मी सोडलं तर म्हणतील, अपने आदमी को छोड़ दिया."

मी त्या क्षणापर्यंत फक्त माझ्या शोधावर खूश होते. हा माणूस काय पणाला लावतोय हे तेव्हा कळलं.

"तिलाच विचारू या," मी म्हणाले. "सोडून देऊ. ती सरळ पिलांकडे जाईल. तुम्ही आणि मी अमरीकच्या छतावर उभं राहू. तिथे आली तर वरिष्ठांना डोळ्यांनी पाहिलेलं सांगा."

"आणि नाही आली तर? सबूत उड़ गया, मॅडम!"

"येईल. पिशवी इतकी भरली आहे की तिला दुसरं काही सुचणार नाही. चहा गाळून होईपर्यंत येईल."

मी हे कशाच्या जोरावर बोलले देव जाणे. पण बोलले.

ओळख पटावी म्हणून दुनीचंदनं तिची शेपटी जखमांना लावायच्या जांभळ्या औषधात बुडवली. एक हवालदार वॉकीटॉकी घेऊन त्याच्यापाशी थांबला. आम्ही जीपमधून बुडैलला निघालो. मी आयुष्यात पहिल्यांदाच पोलिसांच्या जीपमध्ये बसले होते आणि, खरं सांगते, मला भयंकर मजा येत होती.

बुडैल म्हणजे सरळ रेषांच्या सेक्टरांमध्ये राहून गेलेलं जुनं गाव. अरुंद गल्ल्या, चिकटलेली घरं, छतांवर जाळीचे खुराडे. अमरीकचे वडील प्यारा सिंग, निवृत्त सुतार, दारातच बसले होते. मुलगा सकाळी कबुतर शोधायला गेला तो परतला नव्हता. पोलीस दिसले आणि ते उठून उभे राहिले. मोहिंदर सिंगांनी मुलगा कुठे आहे ते सांगितलं. म्हाताऱ्यानं पगडी सारखी केली आणि जिना दाखवला.

छतावर खुराड्यात नर घरट्यात बसला होता. त्याच्या खालून मी एक पिलू अलगद उचललं. पिवळी लव, मोठी बेढब चोच, मिटलेले डोळे. गळ्याची पिशवी जवळजवळ सपाट. बापाची शिदोरी संपत आली होती.

"हे बघा, बच्चे!" मी मोहिंदर सिंगांना दाखवलं.

"बुडैल में हर छत पर बच्चे मिल जाएँगे, मॅडम. माँ आनी चाहिए."

त्यांनी वॉकीटॉकीवर हुकूम दिला. पलीकडून खरखर आली आणि मग हवालदाराचा आवाज, "छोड़ दिया सर! दो चक्कर मारे, फिर सीधा आपकी तरफ़!"

मी नाचायची बाकी होते. म्हाताऱ्यानं मोठ्या सुनेला चहा टाकायला सांगितला. तिघे शिपाई छताच्या तीन कोपऱ्यांत कठड्यापाशी उभे राहिले, खांद्यावर बंदुका, एकाच्या हातात लांब लाठी. आम्ही सगळे आकाशाकडे डोळे लावून बसलो.

चहा आला. गाळलेला, वाफाळता. कबुतरी आली नाही. चहावर साय धरली. कबुतरी आली नाही. शेजारच्या छतांवरून कबुतरं उठत होती, बसत होती, आणि दर वेळी मी "ती बघा!" म्हणून उठत होते आणि दर वेळी ती दुसऱ्याच कुणाची असत. दूर एक घार गिरक्या घेत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. ऊन कलायला लागलं. वॉकीटॉकीवर कोणीतरी विचारलं की मुलाला न्यायला गाडी आली आहे, काय करायचं? मोहिंदर सिंग म्हणाले, "रुको." थोड्या वेळानं पुन्हा विचारणा झाली, या वेळी आवाज दुसऱ्याच कोणाचा, अधिकाराचा होता. मोहिंदर सिंग उभं राहून "जी सर, जी सर" करत होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बस, मॅडम. और नहीं रोक सकता."

सगळा आनंद पार उतरला होता. घारीनं तिला नेलं असेल का? की नळी घालताना मी दुखावलं असेल? पुस्तकातलं सगळं बरोबर होतं, आणि तरीही एक मुलगा त्या गाडीत बसणार होता. मी म्हाताऱ्याकडे पाहायला धजत नव्हते, पण पाहिलं. आणि मला चमत्कारिक वाटलं. आम्ही सगळे क्षितिजाकडे बघत होतो. प्यारा सिंग मात्र मान खाली घालून बसले होते आणि मधूनच, चोरून, सरळ डोक्यावर बघत होते.

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. "सरदारजी, काय दिसतंय तुम्हाला?"

ते कुजबुजले. "ओ ऊपर है, बेटा जी. कदों दी आई होई ए."

कधीची आलेली आहे! मी वर पाहिलं. काही दिसेना. पुन्हा डोळे बारीक करून पाहिलं. खूप उंच, निळ्यात एक ठिपका गोल फिरत होता.

"मग खाली का येत नाही?"

त्यांनी शिपायांकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. मी हात धरला त्यांचा. "सांगा ना! गाडी येऊन थांबली आहे."

"डंडा," ते म्हणाले. "छतावर कोणी लांब डंडा उभा धरला की खाली उतरायचं नाही, वरच उडत राहायचं. अशीच शिकवलीत आम्ही सगळी. डंडा खाली ठेवायचा, बसून घ्यायचं, मग उतरतात." आणि मग आणखी हळू, "मैं पुलिस नूं किवें कहां, बेटा जी, कि हथियार थल्ले रक्खो?"

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्याकडे कबुतरं आजारी येत, उडणारी येत नसत. मी त्या तिघा शिपायांकडे पाहिलं. खांद्यावर वर निघालेल्या नळ्या, ती उंच लाठी. बिचारी कबुतरी कधीची आज्ञा पाळत होती! आणि खाली हा बाप, ज्याच्या एका वाक्यावर मुलगा सुटला असता, ते वाक्य बोलू शकत नव्हता. त्या दिवसांत, त्या गावात, एका सरदाराच्या छतावर उभं राहून पोलिसांना हत्यारं खाली ठेवा म्हणायचं?

ते मी म्हटलं. मराठीत म्हटलं की हिंदीत, आठवत नाही.

मोहिंदर सिंगांचा चेहरा बदलला. त्यांनी चारी बाजूंच्या छतांवरून नजर फिरवली. शेजारच्या छतावर वाळत घातलेल्या चादरी हलत होत्या. पलीकडच्या गच्चीवर दोन माणसं आमच्याकडेच बघत होती. मोहिंदर सिंगांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. हा सापळा असला तर? तीन शिपाई, निःशस्त्र, उकिडवे. उद्या कोण उत्तर देणार? एक शिपाई पटकन म्हणाला, "सर, चाल हो सकती है."

प्यारा सिंग उठले. मोहिंदर सिंगांच्या समोर जाऊन छताच्या मधोमध मांडी घालून बसले, अगदी उघड्यावर. दोन्ही हात गुडघ्यांवर.

मोहिंदर सिंगांनी कमरेचं पिस्तूल काढून विटांवर ठेवलं. "रख दो," ते म्हणाले. "बैठ जाओ सब."

बंदुका खाली गेल्या. लाठी आडवी झाली. आम्ही सगळे, मीसुद्धा साडी सावरून, त्या गार होत चाललेल्या छतावर बसलो. म्हाताऱ्यानं जिभेनं टाळूवर हलकासा आवाज काढला.

ठिपका थांबला. मोठा व्हायला लागला. आणि मग पंख मिटून ती जी काही खाली सुटली! सूं करून आवाज आला, जांभळी शेपटी उलगडली, आणि ती आमच्या डोक्यांवरून खुराड्याच्या फळीवर उतरली. आम्हा कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ आत गेली. नर उठून बाजूला झाला. पिलांनी आंधळ्या माना वर केल्या आणि आपल्या बेढब चोची तिच्या उघड्या तोंडात खुपसल्या. तिची मान खालून वर हलत होती आणि पिलांचे गळे आमच्या डोळ्यांदेखत फुगत होते. मी रडत होते. मला लाज वाटली नाही, कारण "चाल हो सकती है" म्हणणारा शिपाईही मुंडी वळवून डोळे पुसत होता.

मोहिंदर सिंग वॉकीटॉकीवर ओरडत होते, "गाड़ी रोको! सर, मैंने अपनी आँखों से देखा है. मेरी ज़िम्मेदारी, सर. हाँ जी, मेरी." त्या जबाबदारीची पुढे त्यांना किती किंमत मोजावी लागली, मला कळलं नाही. थोड्या महिन्यांनी त्यांची कुठेतरी लांब बदली झाली. निरोप घ्यायला आले नाहीत, आणि मीही शोधायला गेले नाही. याची खंत मला अजून आहे.

मंडळात ही गोष्ट मी इथवरच सांगत आले. इथेच टाळ्या पडतात. पण त्या संध्याकाळी आम्ही छतावरच थांबलो होतो, आणि उजेड असतानाच मोहिंदर सिंग स्वतः जाऊन अमरीकला घेऊन आले. जिन्यावर त्याची पावलं ऐकू आली, एक सरळ, एक ओढत टाकलेलं. पंचविशीच्या आतला मुलगा. पगडी नीट बांधलेली नव्हती. ओठ फाटला होता. उजव्या हाताची बोटं सुजून काळीनिळी झाली होती आणि मिटत नव्हती. सकाळपासून दुपारपर्यंत एवढं झालं होतं. मी कबुतरीच्या गळ्यात दूध आहे म्हणून ओरडत होते, त्याच वेळी कुठेतरी हे चाललं होतं. मोहिंदर सिंग छताच्या दारातच थांबले. वर आले नाहीत.

प्यारा सिंगांनी खुराड्यात हात घालून एक पिलू काढलं आणि त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं. अमरीकनं उजव्या हाताचं एक बोट, जेवढं हलत होतं तेवढं, पिलाच्या गळ्याला टेकवलं. पिशवी तट्ट भरलेली, पातळ कातडीतून आतलं दूध पांढरं दिसत होतं.

"पोटा भरया ए, भापाजी," तो म्हणाला, आणि मग तो पुढे कलंडला, आणि म्हाताऱ्यानं पोराला आणि पिलाला एकदमच सावरलं.